हात ज्याचा त्याचा

जड कॅमेरा तोच खरा, असं मी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्यापासून धरून चाललो होतो. त्याची किंमत माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनी मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्याकडे कॅननचा ५डी मार्क ३ होता. बॅटरी धरून बॉडी ९५० ग्रॅम, पुढे ७०-२०० ची लेन्स जवळपास दीड किलो, आणि वर फ्लॅश चढवला की सगळं तीन किलोंच्या घरात. माझा पंजा रुंद आहे. ग्रिप तळव्यात बसायची, डावा हात लेन्सखाली गेला की सगळं स्थिर. आमच्या सांगलीकडे सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत कॅमेरा खांद्यावरून उतरत नाही. खांदा दुखला तर काम झालं, एवढाच त्याचा अर्थ मी लावत असे.

मदतीला एक मुलगी आली. नजर फार चांगली. मांडवातल्या गर्दीत आता कोणाचे डोळे भरून येणार, हे तिला आधीच कळायचं. मी तिच्या हातात तोच संच दिला. फोटो हलले की म्हणायचो, "मनगटात जोर आण." ती म्हणायची, "हो दादा."

तिचा हात मी नीट पाहिला तो फार उशिरा. ग्रिप तिच्या मुठीत मावत नव्हती. तर्जनी शटरच्या बटणापर्यंत न्यायची तर दर वेळी तळवा वर सरकवावा लागे. तो सरकला की पकड सुटायची आणि सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी यायचा. तिथे सूज होती. रात्री लेप लावून ती सकाळी कामावर येत होती, हे मला तिच्या आईकडून कळलं. पुढच्या सीझनला ती शूटिंग सोडून अल्बम डिझाइनला बसली. मी अडवलं नाही. मुलींना हे झेपत नाही, असं मनात म्हणून मोकळा झालो.

खरं तर आपल्या सगळ्यांच्या हातातला छोटा कॅमेरा अशाच एका न झेपणाऱ्या माणसामुळे आला. जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाक यांना दमा होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा वाहून नेणं जमेना, तेव्हा त्यांनी सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला.

पुढे माझाच खांदा धरला, तेव्हा मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि साडेसहाशे ग्रॅमची मिररलेस बॉडी घेतली. दुकानात हलकी वाटली, कारण लेन्स लावून पाहिलीच नाही. आरसा काढला की बॉडी लहान होते. पण सेन्सर तेवढाच आणि अ‍ॅपर्चर एफ २.८ च हवं असेल, तर काच फारशी लहान होत नाही. २४-७० लावल्यावर लेन्स बॉडीपेक्षा जड झाली, तोल पुढे गेला. बॉडीची उंची कमी, त्यामुळे करंगळीला टेकायला जागा नाही, आणि उरलेली दोन बोटं दिवसभर कॅमेरा आवळून धरायची. शेवटी तळाला वाढीव ग्रिप लावली. वजन वाढलं आणि दुखणं थांबलं.

एवढं कळूनही ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना मी चुकीचाच सल्ला दिला. त्यांचा हात थरथरतो, म्हणून म्हटलं, "काका, खिशात मावेल असा घ्या." त्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर नव्हता. हात लांब करून स्क्रीन बघायची, म्हणजे कपाळाचा टेकू गेला आणि कोपरं बरगड्यांपासून सुटली. बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. शिवाय हातात थोडं वजन असलं की बारीक थरथर दबते, तोही आधार गेला. काकांनी जुना एसएलआर पुन्हा बाहेर काढला. फोटो लगेच सुधारले.

मग त्या मुलीकडे गेलो, झालं ते बोललो आणि परत ये म्हटलं. कॅमेरा तिने स्वतः निवडला : फुजीफिल्मचा एक्स-टी३०, ३८३ ग्रॅम, त्यावर ३५ ची १७० ग्रॅमची लेन्स. माझ्या पंजात तो हरवतो. तिची तर्जनी मात्र बटणावर आपसूक टेकते. हळद आणि घरातले विधी आता तीच काढते. अक्षतांच्या वेळी लांबची लेन्स लागतेच. थंडीत तिचा अंगठा अजून दुखतो, म्हणून ती लेन्स मोनोपॉडवर लावून मी चालवतो.