उसना गारवा

नागपुरचा वैशाख कसा असतो, हे तेथे राहिलेल्यांस सांगावयास नको; आणि न राहिलेल्यांस सांगूनही ते खरे वाटावयाचे नाही. पारा ४५ अंशांवर गेला असता पत्र्याच्या छपराखाली रंधा मारीत बसणाऱ्या गृहस्थास लोक वेडा म्हणतात. ते गृहस्थ म्हणजे आम्ही. सेवानिवृत्तीनंतर आम्ही मोटार विकली आणि रिकाम्या गॅरेजात हौसेचे सुतारकाम मांडले.

पहिले दोन उन्हाळे कूलरवर काढले. परंतु कूलरचा गारवा ओला. तो माणसास मानवतो, लाकडास मानवत नाही. फळ्या फुगल्या, टेबलाचे खण अडकू लागले, पटाशांवर गंज चढला. अशात वाचनात आले की, विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअराने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली, ती माणसांकरिता नव्हे, कागदाकरिता! दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग नेमका बसेना. कागदास जी चैन शोभली ती सागवानास का शोभू नये, असा युक्तिवाद आम्ही घरात मांडला. “अहो, सागवानाचे नाव कशाला पुढे करता? घाम तुम्हांला येतो,” असे सौभाग्यवतींचे उत्तर आले, पण त्याबरोबर संमतीही आली.

दीड टनाचे यंत्र आणले. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी ओढून काढणारे यंत्र एका टनाचे. म्हणजे रोज ३००० पौंड बर्फाची रास आमच्या सेवेस हजर! यंत्राचा बाहेरचा भाग कारागिराने कुंपणाकडच्या भिंतीवर बसविला आणि आम्ही चार दिवस स्वर्गसुख भोगले.

पाचव्या दिवशी, कुंपणापलीकडे कडुनिंबाखाली इस्त्रीची गाडी लावणारे म्हातारबुवा दारात उभे राहिले. “साहेब, तुमच्या खोलीतला उन्हाळा आमच्या अंगावर येऊन राहिला ना जी!”

आम्ही त्यांच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिलो. भट्टीच्या तोंडाशी उभे राहावे तसे वाटले. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि आपण खाल्लेल्या विजेची उष्णता तीत भर म्हणून घालते. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण ‘बाहेर’ या शब्दात कोणी उभे असेल, हे मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते.

तांब्याची नळी लांबवून यंत्राचा तो भाग घराच्या गच्चीवर नेला. जे आधी करावयाचे ते नंतर केले: पत्र्यास वरून चुना दिला, आतून थर्माकोल लावला, फटी बुजविल्या. आता यंत्र २७ अंशांवर ठेवूनही काम भागते. खर्च वाढला, तो आम्ही आपल्या अविचारापोटी पडलेला दंड म्हणून मुकाट्याने भरला.

एके दुपारी म्हातारबुवांस आम्ही आत बोलाविले. ते पाच मिनिटे स्टुलावर बसले, पाणी प्याले आणि उठले. आम्ही आग्रह करताच हसून म्हणाले, “नको जी. गारव्याची सवय लागली तर इस्त्री कोण करीन?”

दार लोटून ते गेले. आम्ही पुन्हा रंधा हाती घेतला. पण त्या दुपारी हात काही चालेना.