लोखंडी पुलांचा वज्रलेप

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ‘वज्रलेपा’वर एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सावरीचीं फुलें इत्यादि द्रव्यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा, त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस घालावें, आणि तो लेप तापवून देवळास, मूर्तीस, भिंतीस लावावा, असें तेथें सांगितलें आहे. हा लेप कोटि वर्षें टिकतो असें वाचलें कीं माझ्या वर्गांतील मुलें हंसत असत. तें हंसणें आठवण्याचें कारण असें कीं, लोखंडी पूल दुरुस्त करण्याची एक नवी रीत नुकतीच माझ्या वाचनांत आली, आणि तिचाहि सारा भार एका लेपावरच आहे.

गाड्यांचा भार वर्षानुवर्षें येऊन जाऊन पोलादी तुळईस बारीक चीर पडते, किंवा गंजानें ती झिजते. अशा जागीं दुसरा पत्रा वेल्डिंगनें जोडावा, तर उष्णतेमुळें धातूंत नवे ताण उत्पन्न होतात. बोल्टांनीं कसावा, तर भोकें पाडून तुळई आणखी दुबळी होते. नव्या रीतींत कर्बतंतूंची, म्हणजे कार्बन फायबरची, पट्टी इपॉक्सीच्या गोंदानें चिकटवितात. ही पट्टी वजनानें पोलादाच्या सुमारें पंचमांश, पण ताण सोसण्यांत त्याहून वरचढ. ती भार वांटून घेते व चिरेची वाढ मंदावते. १९७० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत लष्करी विमानांच्या चिरांवर अशाच जातीचीं ठिगळें बसविलीं गेलीं. इंग्लंडांतील न्यूपोर्ट पॅगनेल येथील टिकफर्ड पूल १८१० सालचा, ओतीव लोखंडाचा. त्यास १९९९ सालीं कर्बतंतूंची बळकटी दिली, आणि त्यावरून आजहि मोटारी जातात.

परंतु खरी मेख पट्टींत नाहीं, सांध्यांत आहे. पोथीच्या पुठ्ठ्यावरील धूळ पुसल्यावांचून खळ लावूं नये, हें आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक असतें. येथें तर गंज व तेलकटपणा खरवडून धातु लखलखीत करावा लागतो, आणि तो पुन्हा मळण्यापूर्वीं गोंद लावावा लागतो. कर्ब व पोलाद ओलाव्यांत एकमेकांस भिडले तर पोलाद अधिकच गंजतें. म्हणून मध्यें कांचतंतूंचा पदर देतात.

खानदेशांतील माणसास मात्र याहून मोठी शंका येते. साध्या हवेंत घट्ट होणारे पुष्कळसे इपॉक्सी गोंद साठ अंशांच्या आसपास नरम पडूं लागतात. धुळ्यास वैशाखांत सावलींतला पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. मग उन्हांतल्या पोलादाची काय अवस्था होत असेल, हें भर दुपारीं एखाद्या लोखंडी कठड्यास हात लावणाऱ्यास पुसावें! शिवाय उन्हानें पोलाद पसरतें, पट्टी जवळजवळ पसरत नाहीं. ती ओढाताण सांध्यासच सोसावी लागते. तेव्हां विलायतेंत यशस्वी झालेला गोंद येथें डोळे मिटून लावतां येणार नाहीं. आमच्या उन्हाचा हिशेब त्यांत धरलाच पाहिजे.

१५ जून २०२५ रोजीं मावळांतील कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखालीं कोसळला व चार माणसें मृत्यु पावलीं. इतकी वेळ आल्यावर कोणताहि वज्रलेप उपयोगी नाहीं. मूळ धातु शाबूत असेल तोंवरच त्यास आधार देतां येतो. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळांपुरता राखून ठेविला आहे. पण ज्या पुलावरून आपलीं मुलें रोज शाळेस जातात, त्यालाहि तो लागू आहे. चीर केसाएवढी असतांनाच ती पाहणारा डोळा हवा, आणि तपासणी केव्हां झाली असें विचारणारा नागरिकहि हवा. हा प्रश्न विचारण्यास इंजिनिअर असावें लागत नाहीं.