ज्याची त्याची वीट



आम्ही पनवेलकर. पाऊस आमच्याकडे उदंड, पण त्यातला थेंबही चंद्रभागेला मिळत नाही. माथेरानच्या डोंगरातून आलेली आमची गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते आणि खाडी अरबी समुद्राला. बोरघाट चढून गेले की लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे इंद्रायणीचा उगम. ती देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेत मिसळते. भीमा पंढरीला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते, आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर एकाच ढगातून दोन थेंब पडतात. एकाला पंढरी घडते, दुसऱ्याला नाही.

गुडघ्यांनी माझी पायी वारी थांबवल्यापासून आषाढात हे फार मनाला लागते. आपल्यातही असे अनेकजण असतील.

माझी नात टोरांटोला, सातासमुद्रापलीकडे असते. तिने फोनवर विचारले, "आजी, आषाढी तुझ्या दिवशी धरू की इथल्या?" उन्हाळ्यात तिचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. एकादशी धरायची ती सूर्योदयाच्या तिथीवरून. तिचा सूर्य आपल्यानंतर उगवतो. तोवर तिथी बदललेली असू शकते. म्हणून कधी कधी तिची एकादशी आपल्या आदल्या दिवशी येते. मी म्हटले, "बाळा, तू जिथे उभी आहेस तिथला सूर्य बघ. तिथल्या पंचांगाप्रमाणे धर."

हे उत्तर मलाही लागू होते. पूजेचा संकल्प आठवा. गुरुजी आधी द्वीप सांगतात, मग देश, मग नदीचा तीर. एवढ्या मोठ्या पृथ्वीवरून येत येत आपण आपल्या पाटाशी पोचतो. देवाला सांगायचे असते ते आपण आहोत ते ठिकाण. असायला हवे होतो ते नव्हे.

आणि पुंडलिकाने तरी काय केले? दारी देव आला तरी आईबापांची सेवा सोडली नाही. हाताशी वीट होती, तीच पुढे सरकवली. देव तिच्यावर उभा राहिला, आणि त्या जागेची पंढरी झाली. सेवा आधी, क्षेत्र नंतर.

नकाशात महासागरांची नावे पाच, पण पाणी कुठेच तुटलेले नाही. नातीच्या शहरालगतच्या ओंटारिओ सरोवराचे पाणी सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला जाते. गाढीचे आणि चंद्रभागेचेही शेवटी त्याच पाण्यात जाते.

माउली, ज्यांचे पाय चालतात त्यांनी वारी चुकवू नये. ज्यांना निघता येत नाही त्यांनी मन लहान करू नये. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्या उशाशी बसा, पाणी पाजा, मुखाने नाम घ्या. आपली वीट तिथेच आहे.