टाळीची जागा

गुन्हेगाराच्या तोंडी गाणे घालणे हे रंगभूमीवरील संगीतकाराच्या वाट्याला येणारे सर्वांत जोखमीचे काम होय, असे पेटीवर बोटे झिजवून झाल्यावर मी निःशंकपणे म्हणू शकतो. संताला, राजाला किंवा विरहिणीला चाल लावावयाची असली म्हणजे हिशेब सरळ असतो. चाल जितकी गोड, तितका पात्राला न्याय अधिक. परंतु दरोडेखोर, लाचखाऊ कोतवाल आणि त्या दोघांच्या जिवावर गबर झालेला सावकार यांना गाते करावयाचे ठरले की हा हिशेब चुकू लागतो. चाल बेचव केली तर प्रेक्षक त्या माणसाच्या मोहात सापडत नाही, आणि जो मोहात सापडलाच नाही त्याला उपरोधाचा चिमटा कोठून बसणार? उलट चाल मनापासून गोड केली, तर दुसऱ्या दिवशी गावातील पोरेसोरे तीच गुणगुणत गुरे घेऊन रानात जातात, आणि ज्याचा धिक्कार व्हावा म्हणून सारा खटाटोप केला त्याच्याच नावाचा डंका वाजतो. या दोन संकटांच्या मधून जी चिंचोळी वाट जाते, तिच्यावरून चालणे हीच या प्रकारच्या संगीत नाटकाची खरी विद्या आहे.

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमचे कशेळे हे काही नाटकाचे माहेरघर नव्हे. येथे शेतकरी आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. भातकापणी उरकून खळी मोकळी झाली, की ढोल आणि ढोलकी दोन्ही बाहेर निघावयाच्या. जत्रेच्या रात्री, शाळेच्या पटांगणात किंवा देवळासमोरील माळावर हौशी मंडळींनी उभा केलेला वग हीच आमची रंगभूमी, आणि तिच्यासाठी चाली बांधणे, मुलांना गाणी बसविणे व प्रयोगाच्या रात्री पेटीवर बसणे हे माझे काम. परंतु याच मातीने मला गाणे आणि गुन्हा यांच्या नात्याचा पहिला धडा दिला. येथून उत्तरेस, सह्याद्रीच्या रांगेत सिद्धगड आहे. त्याच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानला जन्मलेले, वकिलीची सनद घेतलेले, गोरगरिबांसाठी झटणारे भाई कोतवाल बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारी दप्तरात ते फरारी गुन्हेगार होते आणि त्यांना पकडून देणारास इनाम होते. लोकांच्या जिभेवर मात्र ते ‘वीर भाई कोतवाल’ झाले, आणि दप्तर हरले. त्यांच्याही आधी, 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांच्या बाबतीत असेच घडले होते. सरकारने ज्यास दरोडेखोर ठरविले त्यास शाहिराने नायक ठरवावे, आणि काळाने शाहिराच्या बाजूने निवाडा द्यावा, हे आपल्या इतिहासात पुनःपुन्हा झालेले आहे.

शाहिराच्या डफात सत्तेचा निवाडा फिरविण्याचे हे जे सामर्थ्य आहे, तेच सामर्थ्य अपात्र माणसासाठी वापरले गेले तर काय होईल, या प्रश्नाने मला नेहमी अस्वस्थ केले आहे. डफाला खरा वीर आणि खोटा वीर यांतला भेद कळत नाही. थाप तीच, चढता सूर तोच, समेवर उसळणारी टाळीही तीच. तो भेद वाजविणाराने आणि ऐकणाराने करावयाचा असतो. गुन्हेगाराच्या कीर्तीवर उपहासात्मक संगीत नाटक लिहिणारांनी जगभर नेमक्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे.

या नाट्यप्रकाराची वंशावळ मोठी बोधप्रद आहे. जॉन गे याचे ‘द बेगर्स ऑपेरा’ 1728 सालच्या जानेवारीत लंडनमध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा जोनाथन वाइल्ड या इसमास फाशी देऊन पुरती तीन वर्षेही लोटली नव्हती. वाइल्ड हा एका हाताने चोरांच्या टोळ्या पोसावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्यांपैकी नकोशांना पकडून देऊन लोकांत चोरांचा कर्दनकाळ म्हणून मिरवावयाचा. गे याने दरबारी इटालियन संगीताचा थाट बाजूस सारून रस्त्यावरच्या लोकगीतांच्या ओळखीच्या चालींवर चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकारी यांना गावयास लावले. ऐन 200 वर्षांनी, 31 ऑगस्ट 1928 रोजी, बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्ट आणि कुर्ट व्हाइल यांनी त्याच कथेचे ‘थ्री पेनी ऑपेरा’ केले. आणि त्यातील खुनी मॅकहीथच्या कृष्णकृत्यांची जंत्री सांगणारे गीत पुढे जगभर निव्वळ एक गोड गाणे म्हणून गायिले गेले. अमेरिकेत मॉरीन वॉटकिन्स या बातमीदार स्त्रीने 1924 मध्ये शिकागो येथील खुनाच्या खटल्यांचे वृत्तान्त लिहिले. आरोपी स्त्रियांच्या रूपाची आणि पोशाखाची वर्तमानपत्रांत चाललेली चर्चा तिने जवळून पाहिली, त्या स्त्रिया निर्दोष सुटल्याचेही पाहिले, आणि 1926 मध्ये ‘शिकागो’ हे नाटक लिहिले. त्याचीच 1975 साली संगीतिका झाली, तीत तर खटला हाच एक जलसा आणि वकील हाच त्याचा मुख्य गवई झाला.

मराठीत ही गंगा आली ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या रूपाने. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने 1978 साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले. आणीबाणी उठून फार काळ लोटलेला नव्हता आणि सत्ता व गुन्हा एका ताटात कसे जेवतात याची जाण लोकांच्या मनात ताजी होती. पुलंनी ब्रेख्टची कथा तमाशाच्या अंगणात आणून बसविली ही केवळ सजावट नव्हती. गण-गवळण झाल्यावर बतावणीत सोंगाड्याने थेट प्रेक्षकांशी बोलावे, वगाच्या मध्येच थांबून ताज्या घडामोडींवर टोला हाणावा, राजाने क्षणात राजेपण उतरवून झीलकऱ्यांत उभे राहावे, ही सवय आमच्या तमाशाला मुळातच आहे. प्रेक्षकाने कथेत वाहून न जाता शुद्धीवर राहून तिच्याकडे पाहावे, ही जी ब्रेख्टची मागणी, तिची निम्मी तजवीज आमच्या फडांनी केव्हाच करून ठेवलेली होती.

त्या नाटकातील एक योजना मात्र चाली बांधणाराने आयुष्यभर मनन करावे अशी आहे. त्यात नाट्यपदाचे वळण आहे, लावणीचा ठसका आहे, आणि गुन्हेगारांचा नायक जो अंकुश, त्याच्या गळ्यात तेव्हाच्या तरुणांना वेड लावणारे पाश्चात्य पॉप संगीत आहे. ती भूमिका नंदू भेंडे यांच्याकडे होती. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी संगीतिकेत जूडासची भूमिका गाऊन आलेला हा गायक. दरोडेखोराला राकट, बेसूर, जुनाट असे काही न देता त्या काळचा सर्वांत आकर्षक, सर्वांत तरुण सूर देणे, यातील शहाणपण मला तरुणपणी ते नाटक पाहताना कळले नव्हते. मी नुसता भारावून गेलो होतो. पुढे स्वतः चाली बांधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की माझे ते भारावणे हाच नाटककाराचा पुरावा होता. गुन्हेगार लोकप्रिय होतो तो त्याच्या गुन्ह्यामुळे नव्हे; आपल्याला ज्या सुरांची, ज्या ऐटीची, ज्या बेफिकिरीची हौस असते, ती तो आपल्यासमोर अंगात घालून उभा राहतो म्हणून.

जब्बार पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच त्यापूर्वी, 16 डिसेंबर 1972 रोजी, विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले होते, आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीताने त्यात याच विद्येची दुसरी बाजू दाखविली होती. तेथे कीर्तन, अभंग आणि लावणी एकमेकांच्या अंगावर आदळतात. ब्राह्मणांची गाणारी, डुलणारी रांग हाच पडदा, आणि भक्तीचा घोष चालू असताना त्या रांगेच्या आडून जे चालावयाचे ते चालते. तेथे गाणे पाप झाकते. ‘तीन पैशाचा तमाशा’त गाणे पाप मिरविते. संगीताची ही दोन्ही कामे ज्याला ओळखता येतात, त्यालाच त्यांवर उपरोधाचे शस्त्र चालविता येते.

आता आमच्या माळावरील एक प्रसंग सांगतो. एका वगात एका दरोडेखोराचा प्रवेश होता. गावोगाव त्याच्या नावाचा बोलबाला, कोतवाल त्याचा भागीदार, आणि लोक त्याच्या पागोट्यावर फिदा. त्याच्या प्रवेशगीताला मी धुमाळीचा ठेका घेतला होता. आठ मात्रांचे ते झुलते वजन, कडव्याच्या शेवटी तीन वेळा उचललेली ओळ, आणि तिसऱ्या उचलीला समेवर ढोलकीची कडाडती थाप. ही थाप पडली की टाळी पडावयाचीच. प्रेक्षकाचा हात ढोलकीच्या हाताशी जन्मापासून बांधलेला आहे. पहिल्या कडव्यात तो आपल्या घोडीचे वर्णन करतो, टाळी. दुसऱ्यात सावकाराची तिजोरी, मोठी टाळी. तिसऱ्यात, त्याच लाडिक सुरात, एका गरीब रखवालदाराला त्याने कसा लोळविला ते सांगतो. तालमीत तिसऱ्या कडव्यालाही टाळी ठरलेलीच वाटत होती, आणि तेथेच मला पेच पडला. त्या कडव्यात एक शब्दही बदलू नये, नटाने चेहरा वाकडा करू नये, कोणी मध्ये येऊन उपदेशही करू नये. मग प्रेक्षकाला त्याची टाळी दाखवावी कशी?

विचारांती मी तिसऱ्या कडव्याची सम रिकामी ठेवावयाचे ठरविले. तीनही उचली पूर्ववत, उलट अधिक जोमाने. आणि समेच्या क्षणी ढोलकी, झांज, पेटी सारे बंद, केवळ तुणतुण्याची तार तेवढी चालू. आमचे ढोलकीवाले काका पिढीजात कलावंत. ते म्हणाले, “मास्तर, समेवर हात अडवायचा म्हंजे तोंडाशी आलेला घास मागं घेण्यासारखं हाये. थाप पडंलच.” मी म्हटले, “काका, थाप तुमच्या हातातली, पण टाळी त्यांच्या हातातली. तुम्ही थांबलात तरच ती कोणाची ते कळेल.” दरोडेखोराचे सोंग घेणारा पोरगा हिरमुसून म्हणाला, “मास्तर, माझी टाळी जाईल ना!” त्याला सांगितले, की टाळी जाणार नाही, नुसती उघडी पडेल, तू मात्र हसत उभा राहा आणि मुजरा कर. काकांनी डावा तळहात पुडीवर दाबून धरावयाचा, उजवा हवेत थोपवावयाचा, असा सराव तालमी संपेपर्यंत केला.

प्रयोगाच्या रात्री झाले ते असे. टाळी आली, सवयीने आली, आणि तिच्याखाली ढोलकी नाही असे पाहून ती एकटीच वाजली. पुढच्या रांगांतील हात अर्ध्यावर थबकले. मागची काही पोरे तशीच वाजवीत राहिली, मग शेजारचे थांबले असे पाहून तीही थांबली. नट हसतमुखाने मुजरा करीत उभा होता. एका आवर्तनानंतर काकांनी ठेका पुन्हा उचलला आणि वग पुढे गेला. कोणाला काय कळले याचा हिशेब मी मागत नाही. परंतु त्या एका आवर्तनापुरती सर्वांनी स्वतःचीच टाळी ऐकली, आणि संगीताला याहून अधिक काही करता येते असे मला वाटत नाही.

शेवटाची गोष्टही अशीच विचारपूर्वक करावी लागते. जॉन गे याने फाशीच्या ऐन वेळी दरोडेखोरास सोडून दिले, कारण ऑपेराचा शेवट गोड व्हावा अशी लोकांची आवड. ब्रेख्टने तर राणीच्या घोडेस्वार दूताकडून माफीबरोबर सरदारकी आणि तनखाही बहाल करविला. आमच्या वगाचा प्रघात सत्याच्या विजयाने संपण्याचा, म्हणून असा शेवट आम्हा लोकांना अधिक बोचतो. दरोडेखोरास माफीचा हुकूमनामा वाचून दाखविला जातो तेथे मी भैरवी योजली. उपहासाचा एकही वाकडा स्वर न लावता, मैफलीच्या अखेरीस लावावी तशी शुद्ध, सश्रद्ध भैरवी. ज्या सुरांनी आपल्याकडे कार्य सुफळ झाल्याची ग्वाही द्यावयाची, त्याच सुरांनी अन्याय सुफळ झाल्याची ग्वाही दिली, म्हणजे ज्याच्या कानांवर संस्कार आहेत त्याचे मन आपोआप बंड करून उठते. उपरोध सुरात घालावयाचा नसतो. सूर निर्मळ ठेवावयाचा आणि उपरोध ऐकणाराच्या मनात उमटू द्यावयाचा असतो.

आज नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फलक लागतात, त्यांवरील काही चेहऱ्यांचा पूर्वेतिहास पोलीस ठाण्याच्या दप्तरात अधिक तपशिलाने सापडतो. त्यांच्या मिरवणुकांना ढोलताशे आहेत, त्यांच्या नावाची गाणी आहेत, आणि ती गाणी बांधणारे, वाजविणारे आमच्याच बिरादरीचे लोक आहेत. जमिनीला भाव आल्यापासून आमच्या तालुक्यातही अशा कीर्तीला तोटा राहिलेला नाही. म्हणून माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना मी स्वरज्ञानाबरोबर एवढे आवर्जून सांगतो, की आपल्या वाद्यात नाव मोठे करण्याची शक्ती आहे. या मुलुखाने ती भाई कोतवालांसाठी वापरली आणि ती सत्कारणी लागली. तुम्ही ती कोणासाठी वापरता याचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही, कारण वाजविणारास साक्षीला बोलावण्याची रीत नाही. म्हणूनच सुपारी घेण्यापूर्वी तो जाब तुम्ही स्वतःस विचारला पाहिजे, आणि उत्तर मनासारखे आले नाही तर हात आवरला पाहिजे. ज्या वादकाला समेवर हात थोपविता येतो, त्याचीच थाप वीराच्या नावावर पडण्याच्या योग्यतेची असते.