सुईवरचा भार

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात; गाणं मात्र सात रस्त्यावरच्या आमच्या घरात, लाँग प्लेच्या खाचांत आहे.

ते वाजवण्यासाठी मी टर्नटेबल लावायला शिकलो. पाणसळ धरून ते समतल करायचं. मागचं वजन फिरवून सुईचा दांडा अधांतरी आडवा तरंगू द्यायचा, तिथं शून्य धरायचं. मग सुईवर दोनेक ग्रॅम भार द्यायचा. भार जास्त झाला तर खाच झिजते. फार कमी झाला तर सुई उडून खाच खरवडते. वर्गात पोरांना शिकवतानाही हेच माप सांभाळावं लागतं.

यंत्रमागाच्या खडखडाटात अब्बांचे कान गेले. ते स्पीकरवर तळहात ठेवून ऐकतात. म्हणून भार अचूकच हवा.