आमच्या अंगणातली जंबेरी

इतरांच्या अंगणात गुलाब असतो, आमच्या अंगणात जंबेरी आहे. बाबा नर्सरीत मजुरीवर जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरतात. एक टाकाऊ रोप त्यांनी घरी आणून लावले. संत्र्याचा डोळा वाळला. खुंट मात्र काट्यांसकट फुटला. गोड फळ येणार नाही म्हणून मी ते उपटायला निघालो. बाबांनी अडवले.

श्रावणात पानांवर पाखरांच्या विष्ठेसारखे काही दिसले. ते सुरवंट होते! पुढे हिरवे होऊन त्यांनी निम्मी पाने फस्त केली. मी फवारणीचे बोललो, तर बाबा म्हणाले, "नर्सरीत यायले औषध मारा लागते, पोटाचा सवाल हाये. आपल्या घरी त खाऊ दे." काही दिवसांनी अंगणात फुलपाखरे भिरभिरू लागली. २०१५ साली राज्याचे फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते, हे मी ग्रंथालयात वाचले.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव संत्र्याचे झाले. मुळे बहुधा जंबेरीची.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी आजवर संकोचाने 'नोकरी' लिहीत असे. यंदा लिहिले, 'संत्र्याचे डोळे भरणे'.