थंडीची चव

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा पेपरात येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंश नोंदले गेले हे वाचून पुण्या-मुंबईची माणसं स्वेटर शोधू लागतात आणि निफाडचे द्राक्षबागायतदार लाकूडफाटा. पारा फारच उतरला तर रात्री बागेत शेकोट्या पेटतात, कारण गारठ्यानं मणी तडकतो. हे झालं खाण्याच्या द्राक्षांचं. शेजारच्या दिंडोरीत वाइनची द्राक्षं लावलेला शेतकरी मात्र गार रात्री लांबाव्यात म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलेला असतो. त्याला घडात आंबटपणा हवा असतो, आणि तो टिकवते रात्रीची थंडी.

वाइनचा घोट घेतला की जाणकार मंडळी मातीवर येतात. चुनखडी, ग्रॅनाइट, मुरूम. मातीला मी नाही म्हणत नाही, पण मला जिभेवर आधी लागते ती हवा, त्यातही थंडी. ती कधी पडली, किती टिकली, फळ पिकत असताना वाढत होती की सरत होती. हिरव्या सफरचंदाला आंबट करणारं मॅलिक आम्ल द्राक्षातही असतं. रात्री उष्ण असल्या की मणी पिकता पिकता ते खर्चून टाकतो. गार असल्या की ते मागे राहतं. साखर वाढवायला ऊन पुरतं, आंबटपणा राखायला रात्र लागते.

हे ताडून पाहायचं तर द्राक्षाची जात एकच धरावी आणि मुलूख बदलत जावं. मी शेनिन ब्लांक धरतो. पांढरी जात, स्वतःचा सुगंध फारसा न मिरवणारी, त्यामुळे जिथं वाढली तिथलं हवामान ती लपवत नाही.

तिचं माहेर फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठी. तूर शहराच्या पूर्वेला व्हूव्रे नावाचं गाव आहे. तिथल्या टुफो नावाच्या मऊ, पिवळट चुनखडीनं त्या खोऱ्यातले राजवाडे बांधले गेले, आणि दगड काढून डोंगराला जी भुयारं पडली त्यांत वाइन मुरते. शेनिनला लवकर फुटवा येतो आणि ती पिकते उशिरा. एप्रिलच्या हिमानं कोवळे कोंब करपू नयेत म्हणून तिकडचे शेतकरीही रात्री बागेत आगट्या पेटवतात. निफाडला फळासाठी, तिकडे कोंबासाठी. मग उन्हाळा जातो, दिवस आखडू लागतात, आणि घड गार होत जाणाऱ्या हवेत रेंगाळत पिकतात. शरद कसा गेला त्यावर वाइन कोरडी करायची, गोड करायची की फेसाळ, हे तिथं ठरतं. पावसाळी वर्ष असेल तर कोरडी आणि फेसाळ. ऊन लाभलं तर काही घड नोव्हेंबरपर्यंत वेलीवर ठेवतात आणि बागेत पुन्हा पुन्हा फिरून पिकले तेवढेच तोडतात. १९४७ च्या तापलेल्या उन्हाळ्यातली गोड व्हूव्रे आजही शौकिनांच्या बोलण्यात असते.

साधी, कोरडी व्हूव्रे ग्लासात ओतावी. फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नये. आपल्याकडे पांढरी वाइन सरबतासारखी गारेगार देतात आणि तिचा वास गोठवून टाकतात. जरा थांबावं, ग्लास दांड्याला धरून फिरवावा. काचेवरून उतरणाऱ्या ओघळांकडे बघून वाइनचा दर्जा सांगणारे लोक भेटतात. त्या ओघळांवरून अल्कोहोलचा थोडा अंदाज येतो, दर्जाचा नाही. नाक घालावं. आधी सफरचंद, मग मध, आणि मग एक वास येतो ज्याला तिकडे ओली लोकर म्हणतात. आपल्याकडे ज्यानं पावसात भिजलेली घोंगडी खुंटीवर वाळत घातलेली पाहिली आहे, त्याला तो लगेच ओळखू येईल. घोट घेतला की जिभेच्या कडांना पाणी सुटतं, आणि ते बराच वेळ थांबत नाही. शरदातल्या सगळ्या गार रात्रींचा हिशेब तिथं लागतो. (चार-पाच ग्लास चाखायचे असतील तर थुंकावं. पिकदाणीचा सराव असलेल्या समाजाला यात संकोच वाटावा याची गंमत वाटते.)

दक्षिण आफ्रिकेत हीच जात स्टीन या नावानं वाढली. केपमधल्या द्राक्षांची पहिली वाइन निघाल्याची नोंद डच कंपनीचा अधिकारी यान फान रीबेक यानं २ फेब्रुवारी १६५९ रोजी केली. स्टीन म्हणजेच शेनिन हे तिथल्या तज्ज्ञांनी खात्रीनं सांगितलं ते १९६० च्या दशकात. आज फ्रान्सपेक्षाही जास्त शेनिन तिथं आहे. बराच काळ ती ब्रँडीच्या भट्टीत जात होती; नंतर लोकांचं लक्ष जुन्या, मांडवाशिवाय झुडपासारख्या वाढलेल्या वेलींकडे गेलं. तिथं थंडी रात्रीपेक्षा वाऱ्यानं येते. उन्हाळ्यात आग्नेयेकडून सुटणाऱ्या वाऱ्याला ते केप डॉक्टर म्हणतात. त्या शेनिनमध्ये पिवळं, पिकलेलं फळ भरपूर, अंग भारी, पण शेवटी आंबटाची एक रेघ उरतेच.

आणि नाशिक. इथं सुलाच्या राजीव सामंतांनी १९९७ मध्ये शेनिन लावली, २००० मध्ये वाइन बाजारात आली. २० अंश अक्षांशावरच्या या वेलीला हिवाळ्याची झोप नाही. बर्फ नाही, पानगळ नाही. सोडली तर बारा महिने वाढत राहील. म्हणून तिला कात्रीनं झोपवतात आणि कात्रीनंच उठवतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस ओसरता ओसरता गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे फुटवा एकसारखा येतो. मण्यात पाणी उतरतं ते थंडीत आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे नाशिक आहे उत्तर गोलार्धात, पण हंगाम केपच्या बरोबरीनं.

फरक इथंच पडतो. व्हूव्रेत फळ पिकत असताना हवा गार होत जाते, आपल्याकडे तापत जाते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की दुपार चटके देऊ लागते आणि आम्ल भराभर उतरतं. तिथं शेतकरी वाट पाहतो, इथं त्याला घाई असते. म्हणून तोडणी पहाटेची. बऱ्याच वायनऱ्या शेनिनमध्ये थोडी गोडी राहू देतात. पेरू, अननस, हलकासा आंबट झटका, आणि चव लवकर संपते. तिला उणी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. मटार उसळ नाहीतर तिखटसर भरलं वांगं यांच्यासोबत ती जी मजा देते, ती कडक कोरड्या व्हूव्रेला जमत नाही.

दिंडोरीतले एक बागायतदार शेनिन पिकवतात आणि स्वतः माळकरी आहेत. वाइनचा थेंब कधी घेतलेला नाही. पण तोडणी कधी करायची ते त्यांच्या तोंडात ठरतं. घडाच्या सावलीच्या बाजूचा मणी तोडतात, रस गिळून टाकतात, साल दाढेखाली बराच वेळ चावतात, मग बिया तळहातावर काढून उन्हात धरतात. बी हिरवट असेल तर मान हलवतात. तपकिरी झाली आणि दाताखाली कडकन फुटली की मजुरांना निरोप जातो. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो, तो कंपनीच्या माणसाला दाखवायला.

त्यांना मी व्हूव्रेबद्दल सांगत होतो.

“नोव्हेंबरपर्यंत घड झाडावर?” ते म्हणाले. “मग बुरशी येत नाही का?”

“येते की, तात्या. चांगल्या वर्षी तिचीच वाट बघतात. बुरशीनं मणी सुकतो, गोडी वाढते. त्या वाइनला भावही जास्त.”

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सकाळीच घेऊन आलो असणार.